जी शेळी माझी नव्हती

मी, प्रभाकर शांतवन पाटोळे, वय एकाहत्तर पूर्ण, धर्म ख्रिस्ती, धंदा निवृत्त कामगार, टूलरूम विभाग, राहणार यमुनानगर, निगडी, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण ती ग्राइंडिंग मशीनची कृपा, तिचा या कागदाशी संबंध नाही. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. ज्या एका व्यक्तीने ते आणायला हवे होते तिने कधीच आणले नाही, म्हणून तर हा कागद मला लिहावा लागतो आहे.

वकीलसाहेब म्हणाले, "पाटोळे, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात. कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा, सही करा, मोकळे व्हा." त्यांचे बरोबर असेल. पण कारण न लिहिता काही दिले की ते दान वाटते, आणि लोक देणाऱ्याला मोठ्या मनाचा म्हणतात. मला ते आता नको आहे. म्हणून कारणे लिहितो. वकीलसाहेबांनी नाराज होऊ नये.

कलम १. दिनांक १४ मार्च २०२३ रोजी मी केलेले मृत्युपत्र आजपासून पूर्णपणे रद्द समजावे. त्या मृत्युपत्रात माझे राहते घर मी आमच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, दिले होते. तिथे सभागृह व्हावे आणि दारावर संगमरवरी पाटी लावून तिच्यावर माझे आणि माझी दिवंगत पत्नी रूथ हिचे नाव कोरावे, असे लिहिले होते. पाटीचा मजकूर मीच तयार केला होता. त्यात 'निःस्वार्थ' हा शब्द दोनदा आला होता. त्या घरात माझी बहीण राहते ही गोष्ट मात्र त्या कागदात एकदाही आली नव्हती.

कलम २. माझ्या मागे असणारी माणसे दोन. मुलगा ओजस, नोकरी आयटीमध्ये, राहणार मारुंजी, स्वतःच्या फ्लॅटमध्ये बायकोसह सुखी. आणि धाकटी बहीण मृदुला, वय चौसष्ट, अविवाहित, निवृत्त नर्स. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा मृदुला तिला घेऊन माझ्याकडे आली, त्याला सत्तावीस वर्षे झाली. आई गेल्यावर तिने रूथचे आजारपण काढले. रूथ प्रभूकडे गेली, तेव्हा ओजसला आणि मला वेळेवर जेवायला घालणारी मृदुलाच होती. या सगळ्या काळात ती मागच्या खोलीत राहिली. त्या खोलीला खिडकी नाही. खिडकी पाडून देतो, असे मी तिला साधारण पंधरा वर्षे म्हणत होतो. चर्चच्या आवारातला मंडप मात्र मी एका रविवारात उभा करून दिला होता.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे दोन मायक्रोमीटर, एक व्हर्निअर, व्ही-ब्लॉकची जोडी आणि लाकडी पेटी, ही टूलरूममधले माझे सोबती धम्मरत्न यांना द्यावीत. ते सध्या चाकणला एका लहान वर्कशॉपमध्ये जातात, त्यांना उपयोग होईल. पेटीत एक डायल गेजचा स्टँड आहे तो माझा नाही, त्यांचाच आहे. तो मी २००४ मध्ये एका दिवसासाठी मागून आणला होता. त्यांनी तीनदा विचारले, तीनदा मी "बघतो" म्हणालो, आणि पुढे त्यांनी विचारायचे सोडून दिले. माझ्या आयुष्यात चांगली माणसे पुष्कळदा अशी विचारायची थांबली आणि मी समजत राहिलो की प्रश्न मिटला.

कलम ४. माझा कुत्रा वॉशर. हा टूलरूमच्या मागे वॉशरच्या रिकाम्या खोक्यात सापडला, म्हणून हे नाव. आता तो बारा वर्षांचा आहे, मागचे पाय ओढत चालतो. तो मृदुलाकडे राहील. तिला झेपेनासे झाले तर शेजारी सोपानराव त्याला घेतील, तसे त्यांनी कबूल केले आहे. त्यांचे शब्द असे: "व्हय, ठिवतो की. पर तुमी आदी जायाची घाई करू नका राव." त्यांना एकच विनंती, याला ग्लुकोजची बिस्किटे घालू नयेत. ते लपून घालतात हे मला माहीत आहे, वॉशरच्या पोटालाही माहीत आहे.

वॉशरची एक सवय इथे नोंदवणे भाग आहे. मृदुलाकडे एक शेळी होती. संध्याकाळी भाकरीचे तुकडे अंगणातल्या घमेल्यात टाकले की वॉशर पुढे येऊन नुसता बसायचा. शेळीचे पोट भरेपर्यंत तो तोंड लावत नसे. कोणी शिकवले नव्हते. शेळी लहान असताना एकदा त्याने तिला गुरगुरून हाकलले होते, त्यावर मृदुलाने त्याला नुसते "असं करतात का रे?" म्हटले, तेवढे त्याला पुरले. एका प्रश्नात कुत्रा शहाणा झाला. मला तो प्रश्न कोणी विचारला नव्हता असे नाही, दर रविवारी व्यासपीठावरून विचारला जात होता आणि पुष्कळदा विचारणारा मीच होतो.

कलम ५. त्या शेळीबद्दल. या कलमात वाटायला काहीही नाही, तरी हे सर्वांत महत्त्वाचे समजावे.

निवृत्त झाल्यावर मृदुलाने चाकणच्या शनिवारच्या बाजारातून एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, आणली. रंग बाजरीच्या भाकरीसारखा, म्हणून नाव बाजरी. मी कुरकुर केली होती की दोन खोल्यांच्या घराला शेळी शोभत नाही. पण आमच्या भागात पावसाळा सरत आला की घरोघर डेंग्यू निघतो, आणि डॉक्टर काही म्हणोत, लोक शेळीच्या दुधासाठी धावतात. बाजरी व्याल्यावर मृदुला पहाटे धार काढून गल्लीत ज्याच्या घरी आजारी माणूस असेल त्याच्या दारी पेलाभर दूध ठेवून यायची. कोणाकडून काही घेत नसे. ती याला सेवा म्हणत नव्हती. "जास्तीचं होतं, दिलं," एवढेच म्हणे.

आता आमच्या मंडळीची एक पद्धत सांगतो. आम्ही मूळचे नगरकडचे. शेती सुटली, कंपन्यांत लागलो, तरी कापणीचा सण आम्ही सोडला नाही. त्या रविवारी प्रत्येक जण आपल्या उत्पन्नातले काहीतरी वेदीपुढे आणतो. शेत कोणाकडे नाही, म्हणून पिंपरीच्या मंडईतून भोपळे येतात, केक येतात, कोंबड्या येतात, कोणी कंपनीतून भेट मिळालेला मिक्सर आणतो. उपासनेनंतर त्या सगळ्याचा लिलाव होतो. कोण काय आणतो याकडे कोणी बघायचे नाही असे म्हणतात आणि वर्षभर दुसरे काही बघत नाहीत.

३० ऑक्टोबर २०२२ चा सण. त्या वर्षी माझे चर्चच्या पंचकमिटीतले प्रतिस्पर्धी बन्यामीन ससाणे मंडळीला मोठे लोखंडी कपाट देणार होते. मी कमिटीचा सेक्रेटरी, आणि त्या दिवशीचा उपदेशही माझ्याकडे होता. विषय होता, 'आपल्या आधी दुसऱ्याचे हित'. एवढ्या विषयावर बोलायचे आणि हातात एक भोपळा घेऊन जायचे, हे मला सहन होईना. मृदुला दोन दिवसांसाठी तळेगावला गेली होती, आमच्या मावसबहिणीच्या सुनेच्या बाळंतपणाला. धार काढायचे काम तिने माझ्यावर सोपवले होते. "शेजारच्या सायलीच्या प्लेटलेट उतरल्यात, तिचं दूध चुकवू नकोस दादा," असे तीनदा बजावून गेली होती.

सकाळी मी धार काढली, सायलीकडे दूध दिले. मग बाजरीचा दोर सोडला आणि तिला घेऊन चर्चकडे चालू लागलो. तिने आढेवेढे घेतले असते तर कदाचित मी वळलो असतो. पण ती बकरीच्या जातीला न शोभेल इतकी शहाण्यासारखी माझ्यामागे आली, कारण घरचा माणूस दोर धरून चालला होता. वॉशरही मागोमाग आला आणि चर्चच्या फाटकाशी तिच्याजवळ बसून राहिला.

त्या दिवशी मी फार छान बोललो. हे मी आज लाजेने लिहितो आहे. उपदेशात मी वॉशरचे उदाहरण दिले. मुका प्राणी आपल्या तोंडचा घास आधी शेळीला देतो, आपण माणसे कधी शिकणार, असे म्हणालो. दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. ज्या शेळीबद्दल मी बोलत होतो ती बाहेर खांबाला बांधलेली होती, लिलावासाठी. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी एकमेकींना भेटल्याच नाहीत.

लिलाव झाला. चाकणच्या एका कॅन्टीनवाल्या बंधूंनी सर्वांत वरची बोली लावली आणि शेळी तिथल्या तिथे संध्याकाळच्या प्रीतिभोजनाला देऊन टाकली. टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी माझे नाव घेऊन सांगितले की पाटोळेबंधूंनी घरातली एकुलती एक शेळी अर्पण केली. माझी नव्हती, हे तेव्हा चार शब्दांत सांगता आले असते. मी मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली. ससाणे कपाटाला टेकून उभे होते, त्यांचा चेहरा पाहून मला जे वाटले त्याला मी तेव्हा पवित्र आनंद समजलो.

संध्याकाळी मृदुला तळेगावहून लोकलने आली आणि आकुर्डी स्टेशनवरून सरळ जेवणाच्या पंगतीत येऊन बसली. दिवसभर बाळंतिणीचे करून दमली होती. आमच्यात पंचांनी वाढायचे असते. तिच्या रांगेत मटणाचे पातेले माझ्या हातात होते. मी तिच्या ताटात वाढले. माझ्या हाताने वाढले. दुसरी पळी घालू लागलो तेव्हा तिने ताटावर हात धरला. म्हणाली, "बस दादा, सगळ्यांना पुरू दे."

मी पुढच्या ताटाकडे गेलो.

घरी पोहोचल्यावर तिने पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि अंगणात जाऊन बाजरीला हाक मारली. खुंटा रिकामा होता. तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "देवासाठी दिली." ती म्हणाली, "तुझी होती का?" मग तिला एकदम जेवणाची आठवण झाली. ती नळापाशी गेली आणि बराच वेळ चुळा भरत राहिली. मी दारात उभा होतो. शेवटी तोंड पुसून म्हणाली, "सकाळी सायलीला दूध कुठून आणायचं?"

सकाळी सायलीची सासू कौशल्याबाई पेला घेऊन दारात आल्या. "भाऊ, आज बाई न्हाई आल्या दूध घिऊन. शेळी आटली का काय?" मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही याचा अर्थ खोटेच दिले असणार. मृदुला तेव्हा घरात नव्हती. ती पहिल्या बसने मोशीला एका धनगराच्या वाड्यावर दूध मागायला गेली होती. आठ दिवस ती रोज गेली. सायली बरी झाली. कौशल्याबाई आजही मृदुलाचे नाव घेतल्याशिवाय त्या आजाराची गोष्ट सांगत नाहीत, आणि मला बघून त्या गोष्टीत थोड्या अडखळतात.

वॉशर पुढचे कित्येक दिवस घमेल्यापुढे बसून राही. भाकरी तशीच. शेळीचे खाऊन होण्याची तो वाट पाहत होता. शेवटी मृदुलाने घमेले उचलून ठेवले आणि त्याला ताटलीत वेगळे घालू लागली. त्या सणाच्या दिवसापासून ती स्वतः मटण खात नाही. चर्चमध्ये बायका तिला म्हणायच्या, "काय मन मोठं तुमच्या घराचं!" ती म्हणायची, "दादाने दिली." खोटे बोलली नाही आणि मला उघडेही पाडले नाही.

कलम ६. दिवाणखान्यात फ्रेममध्ये जे सन्मानपत्र आहे, 'अर्पणवृत्तीबद्दल', ते मी काढले आहे. काच ओजसला कशाला लागली तर घ्यावी.

कलम ७. श्री. बन्यामीन ससाणे यांच्याबद्दल मी वेळोवेळी म्हणालो आहे की ते दिखाव्यासाठी देतात. देत असतील. पण ते कपाट त्यांचे स्वतःचे होते. मी माझे शब्द मागे घेतो.

कलम ८. आता घर. यमुनानगरमधले माझे राहते घर, दोन खोल्या, अंगण, नळजोड व वीजजोडासह, माझ्या मृत्यूनंतर संपूर्ण मालकी हक्काने माझी बहीण मृदुला शांतवन पाटोळे हिला मिळेल. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे, कोणाला दान द्यावे, तिची मर्जी. तिच्या पश्चात ते कोणाला जावे हेही तीच ठरवील. ओजसला मी हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "बाबा, हे तुम्हाला आता सुचलं? मला वाटायचं ते आत्याचंच आहे." त्यावर मी फोन लवकर ठेवला.

मला हे कसे सुचले तेही लिहितो. गेल्या ऑगस्टमध्ये मला हृदयविकाराचा झटका आला, बायपास करावी लागली. दवाखान्याचे कागद शोधताना मृदुलाच्या हाती ते २०२३ चे मृत्युपत्र लागले. तिने वाचले, घडी घालून होते तिथे ठेवले आणि दीड महिना मला बिनमिठाचे जेवण भरवले, अंघोळ घातली. मला काहीच कळले नव्हते. बरा झाल्यावर एकदा चष्म्याचे घर शोधताना तिच्या पिशवीत तळेगावच्या एका वृद्धाश्रमाचा अर्ज दिसला. अर्धा भरलेला. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात तिने काही लिहिले नव्हते.

मी विचारले, "हे काय?" ती म्हणाली, "तुझ्यानंतर घर चर्चला जाणार ना. आयत्या वेळी धावपळ नको, म्हणून आधीच नाव घालून ठेवते. त्यांना घर रिकामं करून द्यावं लागेल." मंडळीची अडचण होऊ नये म्हणून ती आपली सोय बघत होती. दुसऱ्याचे हित आधी. मी त्या विषयावर पस्तीस मिनिटे बोललो होतो.

मला लाज वाटते. याहून नेमका शब्द मी शोधला, मिळाला नाही.

~~कलम ९. कलम ५ माझ्या अंत्यविधीच्या वेळी, गुणगौरवाच्या भाषणांच्या जागी, पाळकसाहेबांनी मंडळीपुढे मोठ्याने वाचावे.~~

कलम ९ मी खोडले आहे. खोडल्याची सही बाजूला आहे. कारण असे. कच्चा मसुदा झाल्यावर मी तो मृदुलाला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. कलम ५ ला तिचे हात थांबले. कलम ९ ऐकल्यावर म्हणाली, "म्हणजे तू पेटीत डोळे मिटून पडणार, आणि सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघणार. तेव्हा मी कोणत्या तोंडाने बसू? सांगायचं तर जिवंत असताना सांग, नाहीतर राहू दे." मी पुन्हा तेच करायला निघालो होतो. पश्चात्तापसुद्धा मला दुसऱ्याच्या अंगावर टाकायचा होता.

म्हणून परवा, रविवार दिनांक ९ नोव्हेंबर रोजी, उपासनेत पाळकसाहेबांकडे पाच मिनिटे मागून घेतली आणि शेळी कोणाची होती, मी काय केले, कोणाच्या ताटात काय वाढले, ते उभ्याने सांगितले. टाळ्या झाल्या नाहीत. पण नंतर बाहेर चार-पाच जण येऊन हात हातात घेऊन म्हणाले, "पाटोळेबंधू, केवढं धैर्य!" पाळकसाहेब म्हणाले की ही साक्ष नाताळच्या मेळाव्यातही द्यावी. आणि मी खरे लिहितो, मला आतून बरे वाटले. पुन्हा तसेच, त्या सणाच्या दिवशी वाटले होते तसेच. मेळाव्याला मी नाही म्हणून सांगितले आहे. माझा मोह गेलेला नाही, हे कमिटीने लक्षात ठेवून मला पुन्हा कोणतेही पद देऊ नये.

बसथांब्यावर मृदुला माझ्या आधी पोहोचली होती. मी शेजारी उभा राहिलो. वाटले होते, आता ती काहीतरी म्हणेल. तिने माझ्याकडे न बघताच सांगितले, "दादा, सगळे मला म्हणाले, आता माफ करून टाका. मी प्रार्थना करते रे. पण तोंडात अजून ती चव येते. मला अजून जमत नाही." मग बस आली. तिने मला आधी चढू दिले, माझ्या छातीचे टाके ओढू नयेत म्हणून.

कलम १०. वरील कलम ८ प्रमाणे मृदुलाला दिलेले घर बिनशर्त आहे. ते माफीच्या बदल्यात नाही. तिने मला माझ्या हयातीत माफ केले नाही, नंतरही केले नाही, माझ्या अंत्यविधीला ती आली नाही, माझ्या कबरेवर तिने कधी फूल ठेवले नाही, तरी घरावरच्या तिच्या हक्काला काडीचीही बाधा येणार नाही. कोणी नातलगाने, पाळकांनी किंवा मंडळीतल्या कोणी "त्याने घर दिले, आता तरी" असे म्हणून तिच्यावर भार टाकू नये. कोणी म्हणालेच, तर हा कागद दाखवून तिने दार लावून घ्यावे. दार तिचे आहे.

मृत्युपत्राचा अंमल करण्यासाठी मी माझा मुलगा ओजस याला नेमतो. वरील मजकूर मी वाचला, बरोबर आहे, खाडाखोड एकच असून तिच्यावर माझी सही आहे.

ठिकाण: निगडी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही)
प्रभाकर शांतवन पाटोळे

आम्हा दोघांसमोर वरील इसमाने शुद्धीवर असताना सही केली आणि त्याच्यासमोर व एकमेकांसमोर आम्ही सह्या केल्या. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: (सही) सोपानराव, शेजारी, यमुनानगर. कुत्रा मिळणार असल्याने "काहीही नाही" हे खरे नाही असे त्यांचे म्हणणे होते. वॉशरला मालमत्ता धरू नये असे सर्वानुमते ठरले.

साक्षीदार २: (सही) डॉ. सई, दवाखाना यमुनानगर. लिहिणाऱ्याची प्रकृती तपासली. रक्तदाब थोडा वाढलेला. बुद्धी स्वच्छ.